आखाड्यातून प्रयोगशाळेत

आज योगदिन. ढाणकीपासून दिल्लीपर्यंत चटया अंथरल्या जातील, फोटो निघतील, दुपारपर्यंत सगळं आवरूनही होईल. त्याला नाकं मुरडायचं कारण नाही. प्रश्न उरलेल्या 364 दिवसांचा आहे.

आपल्या उमरखेड तालुक्यात पहाटे डांबरी रस्त्यावर पोरं धावतात ती बहुतेक पोलीस भरतीसाठी. 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. कॉलेजात कबड्डी गाजवलेलेही शेवटी याच रांगेत. नंबर लागला तर ठीक, नाहीतर बूट खुंटीला. कमावलेलं शरीर गावाच्याही कामी येतं, हे त्यांना सांगतो कोण?

जगन्नाथ गणेश गुणे यांना सांगणारे भेटले. 1883चा जन्म, शिक्षण बडोदा कॉलेजात. राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी घाम गाळला आणि अरविंद घोष, टिळकांच्या विचारांनी ते भारले गेले. पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पण ब्रिटिश सरकारने ते बंद पाडलं. स्वामी कुवलयानंद म्हणून आपण ओळखतो ते हेच.

पैलवानी बाण्याच्या या माणसाला योगातलं गूढ ऐकवलं की समाधान होत नसे. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना पोटात नेमकं काय होतं? त्यांनी क्ष-किरण यंत्र वापरलं, मोठ्या आतड्यातला दाब पाऱ्याच्या नळीवर मोजला. नौलीत तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणून बस्तीत, म्हणजे आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप वर ओढलं जातं. कमी दाबाच्या या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. 1924ला लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं, त्याच वर्षी हे प्रयोग छापणारं ‘योग मीमांसा’ सुरू झालं. आजचे व्हॉट्सॲपी योगगुरू दावा आधी करतात, मोजमाप कधीच नाही.

पण माझ्या लेखी कुवलयानंदांचं मोठं काम वेगळंच. शाळेच्या पटांगणात शेकडो मुलांना एकदम करता येतील असे योगव्यायाम त्यांनी बसवले आणि शिकवणारे घडवायला 1951मध्ये योगाचं कॉलेज काढलं.

आपल्याकडे बी.पी.एड. झालेला खेळाडू तासिका तत्त्वावरच्या जागेची वाट बघत बसतो, आणि खेळाचा तास गणिताचे सर मागून घेतात. नगरपंचायतीने अशा एखाद्या माजी खेळाडूला मानधन देऊन शाळांत वर्षभर पाठवलं, तर आजच्या मंडपाच्या खर्चापेक्षा ते पैसे सत्कारणी लागतील.