तापातली आकडी आणि बाळाचा मेंदू

मृगाच्या सरी पडून जालना जिल्ह्यात सरकी-सोयाबीनच्या पेरण्यांची घाई सुरू झाली, की त्याच सुमारास घरोघर लेकरांना ताप भरू लागतात. आणि मंठ्याकडील वा घनसावंगीकडील एखाद्या आडवस्तीवर, सांजेपर्यंत अंगणात खेळणाऱ्या सव्वा वर्षाच्या मुलाचे अंग एकाएकी तापून त्याचे डोळे वर फिरतात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात आणि ओठांवर निळसर छटा चढते, तेव्हा ते मूल हातचे गेले असेच त्या माउलीला वाटते. घरातले जाणते माणूस कांदा फोडून नाकाशी धरते, कोणी पायताण हुंगवते, कोणी मिटल्या दातांत चमचा खुपसते; दोन-तीन मिनिटांत झटके आपोआप थांबतात, आणि त्याचे सारे श्रेय कांद्याच्या खात्यावर जमा होते.

या भयाला पुरातन परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालकांना पीडा देणारे नऊ ग्रह वर्णिले आहेत व त्यांत स्कंदापस्मार नावाचा एक ग्रह आहे. आज ग्रहाचे नाव फारसे कोणी घेत नाही. तथापि आशाताईंपुढे किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीवर एक प्रश्न मात्र हटकून विचारला जातो: तापागणिक आकडी येत राहिली, तर पोर मतिमंद तर होणार नाही ना?

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या वयात, ज्या काळी मेंदूतील उद्दीपन करणारी यंत्रणा जोमाने वाढत असते आणि तिला आवर घालणारी यंत्रणा अद्याप अपक्व असते, त्या काळात तापाची उष्णता व तापाबरोबर रक्तात वाढणारी इंटरल्युकीनसारखी दाहजन्य द्रव्ये मिळून मज्जापेशींचा तोल क्षणभर घालवतात. ज्या कुळात आईबापांना वा भावंडांना बालपणी आकडी आली असेल, तेथे हे अधिक सहज घडते. पाश्चात्त्य देशांत शंभरांतील दोन ते पाच मुलांना असा झटका कधी ना कधी येतो, जपानात त्याहून अधिक मुलांना येतो. एकदा आकडी आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांशांना ती पुन्हा येते, आणि पहिली आकडी वर्षाच्या आत आली असल्यास हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. म्हणजे पुनरावृत्ती ही या व्याधीची नेहमीचीच रीत होय.

कॅरिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी तापात आकडी आलेल्या सुमारे सतराशे मुलांची नोंद जन्मापासून सातव्या वर्षापर्यंत ठेवली, आणि १९७८ साली त्यांतील ४३१ मुलांची बुद्धी त्यांच्याच सख्ख्या भावंडांच्या बुद्धीशी ताडून पाहिली. एकाच घरात, एकाच ताटात वाढलेली ही तुलना असल्यामुळे तिचे मोल मोठे. आणि तिचा निष्कर्ष असा, की आकडी वारंवार आलेल्या मुलांतही बुद्ध्यंक घटलेला आढळला नाही. ब्रिटनमध्ये १९७० सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची दहाव्या वर्षी तपासणी झाली, तीही हेच सांगते. उलट साक्ष एकच ठळक आहे: रॉटरडॅम येथील २०१२ सालच्या अभ्यासात, एकदाच आकडी आलेल्या मुलांत काही उणे दिसले नाही, परंतु ती पुनःपुन्हा आलेल्या मुलांत अडीच वर्षांच्या सुमारास शब्दसंग्रह मागे पडण्याचा संभव अधिक दिसला. ही साक्ष दप्तरी दाखल करून घ्यावी, पण तिच्यावरून निकाल देऊ नये. बोलणे उशिरा येणे आणि बुद्धी खुंटणे या दोन निराळ्या बाबी होत.

मग धोका कोठे आहे? तो आकड्यांच्या संख्येपेक्षा एकेका आकडीच्या लांबीत अधिक आहे. अर्धा तास वा त्याहून अधिक चाललेल्या आकडीनंतर अमेरिकेतील ‘फेबस्टॅट’ या अभ्यासात मुलांच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा दहांतील सुमारे एका मुलाच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाला सूज आल्यासारखी लक्षणे दिसली. आणि अशा ज्या मुलांची वर्षभराने पुन्हा तपासणी झाली, त्यांतील बहुतेकांत तो भाग आक्रसून कठीण झालेला आढळला. पुढे अपस्माराचे बीज अशाच जागी रुजू शकते. एरवी साध्या आकडीनंतर अपस्मार जडण्याचा संभव शंभरांत एक-दोन, म्हणजे इतर मुलांहून किंचितच अधिक असतो.

धोक्याची दुसरी जागा तापाच्या मुळाशी आहे. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील रुग्णांत सापडलेला आणि त्याच भागाचे नाव धारण करणारा विषाणू २००३ साली आंध्र व महाराष्ट्रातील कित्येक बालकांना, ताप, झटके व बेशुद्धी या क्रमाने, दीड-दोन दिवसांत घेऊन गेला. तेथे आकडी हे मेंदूज्वराचे लक्षण होते. म्हणून झटका थांबल्यावर मूल तासाभरात डोळे उघडून आईला ओळखत नसेल, मान ताठ असेल, टाळू फुगली असेल, किंवा एकाच बाजूचे हातपाय झटके देत असतील, तर ताप साधा समजू नये. तसेच सहाव्या महिन्यापासूनच अल्पशा तापात वा ऊन पाण्याच्या स्नानानेही दीर्घ आकड्या येत असतील, तर ‘ड्रावे’ नावाच्या, बहुधा एकाच जनुकातील बिघाडाने होणाऱ्या व्याधीची शंका घ्यावी. त्या मुलांची वाढ दुसऱ्या वर्षानंतर खरोखरच मंदावते.

भयापोटी केलेल्या उपायांनी मात्र निश्चित नुकसान केल्याची नोंद आहे. आकडी टळावी म्हणून लहानग्यांना फेनोबार्बिटोन रोज पाजण्याचा शिरस्ता वर्षानुवर्षे चालत आला होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत, दोन वर्षे ते औषध दिलेल्या गटाचा बुद्ध्यंक निरुपद्रवी गोळी दिलेल्या गटाहून सरासरी ८.४ अंकांनी कमी भरला, आणि आकड्याही टळल्या नाहीत. ज्या बुद्धीच्या रक्षणासाठी हा खटाटोप होता, तिलाच त्याने झळ लावली! पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, तेवढ्यासाठी ते अवश्य द्यावे. पुढची आकडी त्याने टळत नाही.

तेव्हा आकडी येताच मुलाला जमिनीवर कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये, बिब्ब्याचे डाग तर कदापि देऊ नयेत, आणि प्रथम घड्याळ पाहावे. पाच मिनिटे उलटूनही झटके थांबले नाहीत, तर १०८ला फोन करावा. आणि ज्या मुलाला एकदा दीर्घ आकडी येऊन गेली असेल, त्याच्या पालकांनी नाकात मारावयाचा मिडॅझोलामचा फवारा डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा ठरवून लिहून घ्यावा, तो वापरण्यास घरातील निदान दोघांनी शिकून ठेवावे, आणि गावाला जाताना तो बरोबर असू द्यावा.