मुक्तस्रोत परिपथ-आरेखन प्रणालीतील दोषशोधन : 'किकॅड'च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

इलेक्ट्रॉनिक्स विषयाच्या अध्यापनात मुद्रित परिपथ फलक, म्हणजेच व्यवहारातील पीसीबी, तयार करण्याच्या प्रात्यक्षिकाला महत्त्वाचे स्थान आहे. विद्यार्थी कागदावर जो परिपथ शिकतो, तो प्रत्यक्ष वस्तूच्या रूपात त्याच्या हाती प्रथम येतो तो या प्रात्यक्षिकातच. फलकाचे आरेखन संगणकावर होते आणि त्यासाठी 'किकॅड' ही मुक्तस्रोत प्रणाली अनेक महाविद्यालयांतून वापरली जाते. ती विनामूल्य मिळते व विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावरही कायदेशीररीत्या चालते. मात्र काम अडले की "प्रणालीच सदोष आहे" असा निष्कर्ष काढण्याकडे विद्यार्थ्यांचा, आणि काही वेळा अध्यापकांचाही, कल असतो. मग प्रणाली पुन्हा पुन्हा बसवली जाते. दोष मात्र तसाच राहतो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेपासून जवळच शिवाजी उद्यमनगर आहे. तेथील कारागिरांना पॅटर्न चुकला की प्रत्येक ओतीव वस्तू चुकणार, हे सांगावे लागत नाही. परिपथ फलकाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की चुकलेले ओतकाम पुन्हा वितळवता येते. चुकलेला फलक टाकूनच द्यावा लागतो. त्यात पैसा जातो आणि सत्रातील मोजके आठवडेही जातात. म्हणून दोष फलकापर्यंत पोहोचण्यापूर्वी संगणकावरच शोधण्याची शिस्त आवश्यक ठरते. ही शिस्त कोणती व ती कशी शिकवता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रणालीची पार्श्वभूमी :

किकॅडची निर्मिती झाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे केली. एका तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापन करणाऱ्या व्यक्तीने ती निर्माण केली, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१३ पासून जिनिव्हा येथील 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेने तिच्या विकासाला हातभार लावला आणि २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. आवृत्ती ५ जुलै २०१८ मध्ये, आवृत्ती ६ डिसेंबर २०२१ मध्ये, तर आवृत्ती ९ फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील उल्लेखनीय कार्य मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'फॉसी' प्रकल्पाने केले आहे. केंद्र शासनाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून या प्रकल्पास साहाय्य मिळाले. किकॅडमधील आकृती-आरेखन आणि 'एनजीस्पाइस' ही सादृशीकरण प्रणाली यांची सांगड घालून या प्रकल्पाने 'ईसिम' हे साधन विकसित केले; प्रारंभी ते 'ऑस्कॅड' या नावाने ओळखले जात होते. त्याच संस्थेतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातून मुक्तस्रोत प्रणालींचे श्राव्य-दृश्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले आहेत.

फलकनिर्मितीची साखळी :

दोषशोधनाची पहिली पायरी म्हणजे प्रणालीत माहितीचा प्रवास कसा होतो, हे समजून घेणे होय. प्रथम परिपथाची आकृती काढली जाते. आकृतीतील प्रत्येक चिन्हाला एक फूटप्रिंट, म्हणजे त्या घटकाच्या पायांसाठी फलकावर लागणारी छिद्रे व तांब्याच्या पॅडची मांडणी, जोडली जाते. ही माहिती फलकाच्या आरेखनात उतरते. तेथे घटक मांडून तांब्याचे मार्ग काढले जातात. शेवटी फलक तयार करणाऱ्या कारखान्यासाठी गर्बर व ड्रिल या फाइली निर्माण होतात. चिन्ह, फूटप्रिंट, फलक आणि उत्पादन-फाइल असे हे चार दुवे आहेत. प्रयोगशाळेत नेहमी आढळणारे बहुतेक दोष या दुव्यांच्या सांध्यांवर असतात. प्रणालीच्या अंतरंगात क्वचितच असतात. म्हणून कोणताही दोष आढळल्यास तो कोणत्या सांध्यावर आहे, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला पाहिजे.

लायब्ररीचा पत्ता व आवृत्तीचा मेळ :

घरी काढलेली आकृती प्रयोगशाळेतील संगणकावर उघडली असता घटकांच्या जागी प्रश्नचिन्हांकित चौकोन दिसतात, ही नेहमीची तक्रार आहे. याचे कारण असे, की आवृत्ती ५ पर्यंत आकृतीच्या फाइलमध्ये चिन्हांचा केवळ संदर्भ असे. प्रत्यक्ष चिन्हे लायब्ररीत व प्रकल्पाच्या फोल्डरमधील 'कॅश' फाइलमध्ये असत. विद्यार्थी पेनड्राइव्हवर फक्त आकृतीची फाइल आणतो आणि चिन्हे घरीच राहतात. आवृत्ती ६ पासून वापरलेल्या चिन्हांची प्रत आकृतीतच साठवली जाते, त्यामुळे हा दोष बराच कमी झाला. तथापि जुने प्रकल्प उघडताना तो आजही उद्भवतो. त्यावर उपाय एकच : फाइल न नेता संपूर्ण फोल्डर न्यावा.

स्वतः तयार केलेल्या लायब्ररीबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. लायब्ररीचा पत्ता 'डी' ड्राइव्हवरील अमुक फोल्डर असा पूर्ण स्वरूपात नोंदवला, तर तो दुसऱ्या संगणकावर निरुपयोगी ठरतो. किकॅडमध्ये प्रकल्पाच्या फोल्डरच्या संदर्भात पत्ता देण्याची सोय आहे. ती वापरल्यास प्रकल्प कोठेही नेला तरी लायब्ररी सापडते.

आवृत्तीचा मेळ हाही याच वर्गातील प्रश्न आहे. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. किकॅडच्या फाइली साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्याने याचा उलगडा सहज करता येतो. नोटपॅडमध्ये फाइल उघडल्यास आरंभीच रचनेचा क्रमांक वाचता येतो. आवृत्ती ६ च्या आकृतीत तो २०२१११२३ असा तारखेच्या रूपात असतो. सत्राच्या आरंभीच प्रयोगशाळेसाठी एक आवृत्ती निश्चित करून ती विद्यार्थ्यांना कळवल्यास हा प्रश्न उरत नाही. ईसिम वापरणाऱ्या महाविद्यालयांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. ईसिमची आवृत्ती किकॅडच्या विशिष्ट आवृत्तीशी जोडलेली असते. स्वतंत्रपणे दुसरी आवृत्ती बसवल्यास गोंधळ होऊ शकतो.

इशाऱ्याचा अर्थ :

किकॅडमध्ये आकृतीची विद्युत-नियम तपासणी करता येते. विद्युतपुरवठ्याच्या पायाला कोणीही वीज पुरवत नाही, अशा आशयाचा इशारा या तपासणीत वारंवार मिळतो. विद्यार्थी आकृतीकडे पाहतो. बॅटरीचा कनेक्टर जोडलेला दिसतो. मग तो इशारा चुकीचा ठरवून दुर्लक्षितो. वस्तुतः प्रणालीचे म्हणणे योग्य असते. कनेक्टरचे पाय 'निष्क्रिय' म्हणून नोंदलेले असतात. त्यातून वीज येते हे प्रणालीला कळण्याचा मार्ग नसतो. त्या तारेवर 'पॉवर फ्लॅग' हे चिन्ह ठेवले, की आरेखकाने ती माहिती प्रणालीला दिली असे होते.

येथे अध्यापकाची भूमिका निर्णायक असते. इशारे बंद करण्याची सोय प्रणालीत आहे आणि विद्यार्थी ती लवकर शिकतात. परंतु निरुपद्रवी दहा इशाऱ्यांसोबत अकरावा खरा इशाराही बंद होतो. ज्या इशाऱ्याचे कारण विद्यार्थ्याला सांगता येत नाही तो त्याने बंद करू नये, असा नियम प्रयोगशाळेत असणे हितावह आहे.

तपासणीतून निसटणारे दोष :

सर्वाधिक हानी मात्र कोणताही इशारा न देणाऱ्या दोषांमुळे होते. बीसी ५४७ व २एन ३९०४ हे दोन्ही एनपीएन ट्रान्झिस्टर प्रयोगशाळेत सहज आढळतात आणि दोघांचे बाह्य आवरण एकाच प्रकारचे असते. सपाट बाजू समोर व पाय खाली धरल्यास बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर या क्रमाने येतात. २एन ३९०४ मध्ये हाच क्रम एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो. आकृतीत एकाचे चिन्ह व हाती दुसरा घटक असेल, तर कलेक्टर व एमिटर यांची अदलाबदल होते. विद्युत-नियम तपासणी व आरेखन-नियम तपासणी या दोन्ही निर्दोष ठरतात, कारण प्रणालीपुढील माहितीत विसंगती नसतेच. उलटा जोडलेला ट्रान्झिस्टर अत्यल्प प्रवर्धन देत राहतो, त्यामुळे परिपथ पूर्ण बंदही पडत नाही आणि दोष शोधणे अधिकच कठीण होते. यावर प्रणालीत उपाय नाही. घटकाचे माहितीपत्रक समोर ठेवून चिन्हावरील पायांचे क्रमांक व प्रत्यक्ष पाय पडताळणे, हाच उपाय होय.

सादृशीकरणातही असा सापळा आहे. किकॅडच्या डायोड चिन्हात पहिला पाय कॅथोड असतो. एनजीस्पाइसमध्ये डायोडचे पहिले टोक अ‍ॅनोड मानले जाते. चिन्हासोबत पायांची योग्य जुळणी नोंदवलेली नसेल, तर सादृशीकरणात डायोड उलटा बसतो आणि एकदिशकारक परिपथाचे उत्तर विरुद्ध चिन्हाचे येते. येथे दोन्ही प्रणाली आपापल्या संकेतानुसार बरोबरच असतात. दोष त्यांच्या सांध्यावर असतो.

आकृती व फलक यांच्यातील सांधाही असाच नाजूक आहे. आकृतीत बदल केला, की तो 'अपडेट पीसीबी फ्रॉम स्केमॅटिक' या आज्ञेने फलकात उतरवावा लागतो. तो आपोआप उतरत नाही. तांब्याने भरलेले क्षेत्रही मार्ग हलवल्यानंतर पुन्हा भरून घ्यावे लागते.

उत्पादन-फाइलींतील दोष :

फलक कारखान्याकडे पाठवताना ड्रिल फाइल विसरणे व फलकाची सीमारेषा बंदिस्त नसणे, हे दोन दोष नेहमी आढळतात. सीमारेषेच्या दोन टोकांत मिलिमीटरचा अल्पसा भाग जरी उघडा राहिला, तरी फलकाचा आकार अनिश्चित ठरतो. किकॅडसोबत गर्बर फाइली पाहण्याचे स्वतंत्र साधन मिळते. त्यात सर्व थर व छिद्रे एकावर एक ठेवून पाहिल्यास छिद्रे पॅडच्या मध्यभागी येतात की नाही, हे काही मिनिटांत कळते.

फलक महाविद्यालयातच फेरिक क्लोराइडच्या द्रावणात तयार होत असल्यास दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, प्रणालीतील मार्गाची मूळ रुंदी ०.२ ते ०.२५ मिलिमीटर इतकी असते. कारखान्यास ती चालते, पण हाताने केलेल्या कामात असे मार्ग तुटतात. म्हणून आरेखनाच्या आरंभीच रुंदी वाढवावी. दुसरी, इस्त्रीने टोनर उतरवताना खालच्या थराची छापील प्रत उलटवू नये. प्रणाली खालचा थर वरून पाहिल्यासारखा दाखवते आणि कागद तांब्यावर पालथा पडताना तो आपोआप उलटतो. खालच्या थरावर एखादे अक्षर लिहून ठेवावे. तयार फलकावर ते सुलट वाचता आले, तर क्रिया बरोबर झाली असे समजावे.

संगणकाशी निगडित अडचणी :

जुन्या संगणकावर फलकाची खिडकी काळी दिसणे किंवा प्रणाली एकाएकी बंद पडणे, याचे कारण बहुधा चित्रदर्शक यंत्रणेचे जुने ड्रायव्हर असते. पसंतीच्या विभागात प्रवेगित चित्रणाऐवजी पर्यायी चित्रण निवडल्यास काम पुढे चालते. वीज खंडित झाल्यावर प्रकल्प 'दुसऱ्याने उघडला आहे' असा संदेश आला, तर मागे राहिलेली कुलूप-फाइल त्याचे कारण असते. प्रकल्प खरोखर अन्यत्र उघडा नाही याची खात्री करूनच ती काढावी. आवृत्ती ६ मध्ये प्रकल्पाच्या संकुचित प्रती आपोआप ठेवण्याची सोय आली, हेही विद्यार्थ्यांना सांगून ठेवावे.

दोषशोधनाचा क्रम :

वरील विवेचनावरून प्रयोगशाळेसाठी पुढील क्रम सुचवता येईल. प्रथम दोष पुन्हा घडवून पाहावा आणि तो याच प्रकल्पात येतो की नव्या, कोऱ्या प्रकल्पातही येतो, हे ठरवावे. कोऱ्या प्रकल्पातही येत असेल तर संगणक अथवा प्रणालीची मांडणी तपासावी. केवळ एकाच प्रकल्पात येत असेल तर त्याच्या फाइली तपासाव्यात. नंतर साखळीतील सांधा निश्चित करावा. एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद वहीत ठेवावी. इतके करूनही कारण न सापडल्यास आवृत्तीची माहिती व दोष दाखवणारा लहानात लहान प्रकल्प यांसह तो विकासकांना कळवावा. असा लहान प्रकल्प तयार करतानाच पुष्कळदा दोषाचे कारण स्वतःलाच उमगते.

निष्कर्ष :

मुक्तस्रोत प्रणालीचा लाभ केवळ आर्थिक नाही. तिच्या फाइली वाचता येतात, त्यामुळे दोषाचा माग शेवटपर्यंत काढता येतो. अध्यापनाच्या दृष्टीने हा लाभ अधिक मोलाचा आहे. प्रणाली माहितीतील विसंगती दाखवते, माहितीतील असत्य दाखवू शकत नाही, हा भेद विद्यार्थ्याला उमगणे हे या प्रात्यक्षिकाचे खरे फलित होय. त्यासाठी मूल्यमापनात तयार फलकाबरोबर दोषनोंदवहीलाही गुण असावेत. पहिल्या प्रयत्नात चाललेल्या फलकापेक्षा कारणासह दुरुस्त केलेला फलक विद्यार्थ्याला अधिक शिकवून जातो. उद्योगात उद्या त्याच्या हाती दुसरी कोणतीही प्रणाली आली, तरी दोष सांध्यावर शोधण्याची ही सवय त्याच्यासोबत राहील.