खारा वारा आणि भिंतीबाहेरचं खोकं

या व्याख्यानमालेत आपण आजवर कारण म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणायचं, अनुमान कुठे घसरतं, अशा विषयांवर बोलत आलो. आज तेच सगळं एका अगदी घरगुती वस्तूवर तपासून बघू. एसीचं जे खोकं भिंतीबाहेर टांगलेलं असतं, ज्याला सगळे 'आउटडोअर' म्हणतात, ते समुद्राकाठी इतक्या लवकर का सडतं आणि त्याला वाचवायचं कसं, हा आजचा प्रश्न. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, किनाऱ्याजवळच्या कुठल्याही घरात विचारा. उत्तर एकच मिळतं, "काय करणार, खारी हवा!" हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि अपुऱ्या कारणावर केलेला उपाय कधी कधी उलटा पडतो. म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. एसी थंडी तयार करत नाही. विहिरीतून पाणी उपसावं तशी तो खोलीतली उष्णता उपसतो आणि बाहेर टाकतो. म्हणून या जातीच्या यंत्रांना 'हीट पंप', म्हणजे उष्णतेचा पंप म्हणतात. थंड देशांत हाच पंप उलटा चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतात. आपल्याकडे 'हॉट अँड कोल्ड' एसी मिळतो, तोही तेच करतो. एक भाग वीज खर्चून साधारण तीन भाग उष्णता हलवता येते, ही या यंत्राची कमाई. आणि ही सगळी देवाणघेवाण होते बाहेरच्या खोक्यातल्या कॉइलमध्ये. तांब्याच्या नळ्या, आणि त्यांच्यावर घट्ट बसवलेली ॲल्युमिनियमची कागदासारखी पातळ पाती, म्हणजे फिन्स. पंखा या पात्यांमधून सतत हवा ओढतो.

इथेच मुख्य अडचण आहे. या वस्तूचं कामच उघडं राहण्याचं आहे. सोनं तिजोरीत ठेवता येतं, पुस्तक कपाटात ठेवता येतं. पण कॉइल हवेपासून तोडली, तर ती सुरक्षित राहील आणि निरुपयोगी होईल. मग जे उघडंच राहायला हवं, त्याचं रक्षण कसं करायचं?

आता कारणाकडे येऊ. न्यायशास्त्रात एक जुना दाखला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या मधल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. "जिथे मीठ तिथे गंज" हेही तसंच आहे. अगदी कोरड्या मिठात खिळा पुरून ठेवला, तर त्याला फारसं काही होत नाही. इथली उपाधी आहे ओलावा.

गंमत अशी, की मीठ हा ओलावा स्वतःच ओढून आणतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, ते काही कुणी ओतलेलं नसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की मीठ हवेतलं पाणी शोषून त्यात विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे किनाऱ्यावर कॉइलवर बसलेला मिठाचा थर वर्षातले फार थोडे तास खऱ्या अर्थानं कोरडा असतो. लाटा फुटतात, बारीक तुषार उडतात, वारा ते आत आणतो. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत याचा मारा सगळ्यात जास्त, पुढे तो झपाट्यानं कमी होतो.

ओलं मीठ दोन कामं करतं. पहिलं, ॲल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साईडचं कवच असतं, तेच त्या धातूला एरवी वाचवतं. मिठातला क्लोराईड त्या कवचाला जागोजागी भोकं पाडतो. दुसरं काम जास्त घातक. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि वरून खारं पाणी, म्हणजे झाली लहानशी बॅटरी! गॅल्व्हानीनं बेडकाच्या पायावरचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले, व्होल्टानं १८०० मध्ये दोन धातूंच्या चकत्या रचून पहिली बॅटरी केली. तीच रचना आपण नकळत भिंतीवर टांगतो. या जोडीत ॲल्युमिनियमचा बळी जातो. पात्यांवर पांढरी भुकटी दिसते, नंतर पाती बोटानं चुरतात. नळीशी त्यांचा सांधा सुटला की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ धावतो, बिल वाढतं.

अशा जोडीचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. बाहेरून तांब्याचा पत्रा, आत लोखंडाच्या पट्ट्या. बांधणाऱ्यांना धोका माहीत होता, म्हणून त्यांनी दोन धातूंच्या मध्ये ॲस्बेस्टॉसचा थर घातला होता. तो थर कालांतरानं खराब झाला आणि ओलावा धरून ठेवायला लागला. शेवटी १९८६ च्या शताब्दीआधी त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या, मध्ये टेफ्लॉन घातलं. रक्षणासाठी घातलेली गोष्टच ओलाव्याचं घर झाली, हे नीट लक्षात ठेवा.

कारण आपणही घरोघरी हेच करतो. आउटडोअरवर ताडपत्री बांधतो, प्लॅस्टिक गुंडाळतो, किंवा त्याला बंदिस्त कोनाड्यात बसवतो. पाऊस लागू नये म्हणून. पण आउटडोअर पाऊस सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. कोकणात जून ते सप्टेंबर पडणारा पाऊस त्या खोक्याचा वैरी नाही, उलट तो पात्यांवरचं मीठ फुकटात धुऊन काढतो. खरा मारा ऑक्टोबर ते मे या महिन्यांत होतो. तेव्हा पाऊस नसतो, दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि थर साचत जातो. ज्या भागावर पाऊस कधीच पोहोचत नाही, छज्जाखालचा, कोपऱ्यातला, तो भाग म्हणूनच आधी जातो. प्लॅस्टिकखाली तर मीठही राहतं आणि वाफही कोंडते.

आणखी एक बारकावा. एसी थंडाव्यासाठी चालू असतो तेव्हा बाहेरची कॉइल गरम असते, म्हणून त्या वेळेपुरती ती कोरडी राहते. बंद पडला की थर पुन्हा ओला होतो. म्हणून सुट्टीपुरतं उघडलं जाणारं गावचं घर असेल, तर तिथलं न वापरलेलं युनिटही सडलेलं सापडतं. "वापरलं नाही तर टिकेल" हे अनुमान इथे चालत नाही. उलट हीट पंप घर गरम करण्यासाठी चालवतात तेव्हा बाहेरची कॉइल हवेपेक्षा थंड असते, तिच्यावर दव धरतं. थंड देशांच्या किनाऱ्यावर हिवाळाभर ती चालतानाच ओली राहते. यंत्र एकच, पण उपाधी बदलली की हिशेब बदलतो.

आता भाषेबद्दल थोडं. "एसीतला गॅस संपला" असं आपण सहज म्हणतो. गॅस संपत नसतो. पेट्रोल जळतं तसा तो जळत नाही, बंद नळ्यांत गोल फिरत असतो. तो कमी झाला, म्हणजे कुठून तरी गळला. 'संपला' म्हटलं की पुढचा शब्द येतो 'भरा'. 'गळला' म्हटलं असतं, तर पुढचा शब्द आला असता 'शोधा'. एका क्रियापदापायी कितीतरी घरं दरवर्षी उन्हाळ्यात गॅस भरण्याचे पैसे देतात, त्यातही निवृत्तिवेतनावर चालणारी घरं असतात. शिवाय तो गॅस हवेत जातो. आर-३२ हा आजच्या एसींमधला सर्रास वापरला जाणारा वायू. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमान वाढवण्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे ६७५ पट धरली जाते. तेव्हा पुढच्या वेळी मेकॅनिकला विचारा, "गळती कुठे आहे ते आधी दाखवता का?"

मग उपाय काय? दुकानात सांगतात, "निळ्या फिन्सचं घ्या." निळा किंवा सोनेरी रंग म्हणजे पात्यांवर दिलेला पातळ थर. तो उपयोगी असतो, पण रंग हा थराच्या दर्जाचा पुरावा नव्हे. पुष्कळदा थर आधी पत्र्यावर देतात आणि पाती नंतर कापतात, म्हणजे कापलेली कड उघडीच राहते. संपूर्ण तयार कॉइल द्रवात बुडवून विजेच्या साहाय्यानं दिलेला थर जास्त भरवशाचा, कारण तो सांध्यांपर्यंत पोहोचतो. घरी आणून वरवर फवारलेलं रसायन आतल्या पात्यांपर्यंत जात नाही, आणि जाड बसलं तर हवाच अडवतं.

पत्रकावर कधी लिहिलेलं असतं, मिठाच्या फवाऱ्यात इतके तास टिकलं. ही चाचणी खरी असते. ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा मारतात. पण आपल्या भिंतीवर सतत फवारा नसतो. तिथे ओलं होणं, सुकणं, ऊन, धूळ, पुन्हा ओलं होणं असं चक्र चालतं. म्हणून त्या तासांवरून दोन थरांची तुलना फार तर करावी, वर्षांचा हिशेब काढू नये. दृष्टान्त आणि साध्य यांच्यात साम्य किती, हे विचारल्याशिवाय अनुमान पुढे नेऊ नये, असं आपण याच मालेत बोललो होतो.

आता हम्फ्री डेव्हीची गोष्ट. १८२४ मध्ये या ब्रिटिश शास्त्रज्ञानं जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचवायला त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांब्याऐवजी ते तुकडे झिजायचे. तांबं खरंच वाचलं! पण वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि शिंपले वाढले, जहाजं मंदावली. कारण तांबं थोडं थोडं विरघळत होतं, म्हणूनच तर जीव त्याच्यावर बसत नव्हते. धातू टिकला आणि काम बिघडलं. रक्षण कशाचं करायचं, वस्तूचं की तिच्या कामाचं, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

आपण तो विचारला, की उपाय साधे होतात. एक, जागा. समुद्राकडची भिंत टाळा. इमारतीच्या आडोशाला, पण हवा खेळती राहील आणि हात पोहोचेल अशी जागा बघा. दोन, विकत घेतानाच कॉइलवर कुठला थर आहे आणि किनाऱ्यावरचा गंज वॉरंटीत धरलाय का, हे लेखी विचारा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, गोड्या पाण्यानं धुणं. समुद्राजवळ असाल तर पावसाळा सोडून महिन्यातून एकदा, लांब असाल तर दोन-तीन महिन्यांनी. मेन स्विच बंद करायचा, आणि कमी दाबानं, पाती वाकणार नाहीत असं पाणी सोडायचं. दोन बादल्या पाणी पुरतं. किनाऱ्यावरच्या बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, मीठ धुवायला मीठच नको. कॉस्टिक किंवा तीव्र ॲसिडही नको, ॲल्युमिनियम दोन्हींनी खाल्लं जातं. आणि युनिट उंचावर, खिडकीबाहेर असेल, तर हे काम स्वतः वाकून करू नका, सुरक्षेचा पट्टा बांधणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

चौथी गोष्ट स्टँडची. आपण कॉइलची चिंता करतो, कारण ती बिलात दिसते. ज्या लोखंडी अँगलवर तीस-चाळीस किलोचं खोकं उभं असतं, तो आपल्याला घरातून दिसतच नाही. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर मात्र तो रोज असतो. मेकॅनिक त्यावर भरवसा टाकून वाकतो. तेव्हा स्टँड गरम जस्तात बुडवून काढलेला घ्या, वेल्डिंगच्या आणि भोकांच्या जागा रंगवा, बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घाला आणि मध्ये नायलॉनचे वॉशर द्या. वर्षातून एकदा कुणाकडून तरी ठोकून तपासून घ्या. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघतो, तसा हाही निघायला हवा.

आपल्या आजीच्या काळी पितळेच्या भांड्यांना कल्हई लावत. एकदा लावली की झालं, असं तेव्हा कुणालाच वाटत नसे. कल्हईवाला दारावर यायचा, भांडी पुन्हा बाहेर निघायची. कोळी बांधव पावसाळ्यात होड्या वर ओढून डागडुजी करतात, तेही दरवर्षी. आपल्याकडे 'योगक्षेम' असा सुंदर शब्द आहे. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं सांभाळणं. आज आपला सगळा उत्साह योगात जातो, नवा एसी हप्त्यावर घरी येतो. क्षेम मात्र आपण एखाद्या निळ्या थरावर किंवा ताडपत्रीवर सोपवून मोकळे होतो. उघड्यावर राहून काम करणाऱ्या वस्तूचं क्षेम असं एकदाच विकत घेता येत नाही. ते दर महिन्याला, दोन बादल्या पाण्यानं करावं लागतं.

तर या आठवड्यात एवढंच करा. आपल्या घराचं आउटडोअर आणि त्याखालचा अँगल, दोन्ही दिवसाउजेडी एकदा नीट बघून घ्या. प्रश्न असतील तर पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.