कधीच न बोललेल्या भाषेचे धातू

शब्दाची व्युत्पत्ती सांगणे म्हणजे त्याचा पूर्वेतिहास सांगणे होय. मग जी भाषा कोणत्याही समाजाने कधी बोललीच नाही, तिच्या शब्दांना पूर्वेतिहास कोठून येणार? प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटतो. परंतु एका भाषापंडिताने त्याचे उत्तर शोधण्यात जवळजवळ सारे आयुष्य वेचले, आणि ते उत्तर आपल्या मराठीकडे पाहतानाही उपयोगी पडते. म्हणून त्याचा येथे थोडक्यात परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी प्रथम ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या कामात भाग घेतला. पुढे १९२५ ते १९५९ पर्यंत ते ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्यांची कथा १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र त्यांच्या मते भाषा आधी आणि कथा नंतर. भाषेला नांदायला जग हवे म्हणून कथा. त्यांच्या कथेतील एल्फ या अमर जमातीच्या दोन मुख्य भाषा आहेत. क्वेन्या ही फिनिश भाषेच्या ओढीने घडली, तर सिंदारिन वेल्श भाषेच्या. दोघींची आई एकच, एक आद्य भाषा, आणि तिचे धातू टॉल्किन यांनी कोशासारखे मांडले होते. ही यादी त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ साली छापली गेली.

‘एल’ हा धातू घेऊ. कथेत एल्फ प्रथम जागे होतात तेव्हा आकाशात फक्त तारे असतात, आणि ते पाहून त्यांच्या मुखातून ‘पहा!’ या अर्थाचा उद्गार निघतो. त्यापासून क्वेन्यात ‘एलेन’ म्हणजे तारा आणि ‘एल्दार’ म्हणजे ताऱ्यांचे लोक. सिंदारिनमध्ये ‘मोर’ म्हणजे काळे आणि ‘दोर’ म्हणजे भूमी, यावरून मोर्दोर. ‘गोंद’ म्हणजे दगड. यावरून गोंदोर, दगडांचा देश.

परंतु खरे मर्म धातूंत नाही, नियमांत आहे. आद्य भाषेतील ‘क्व’ हा ध्वनी क्वेन्यात टिकतो, सिंदारिनमध्ये त्याचा ‘प’ होतो. म्हणून ‘बोलणे’ या अर्थी एकीकडे ‘क्वेत’ आणि दुसरीकडे ‘पेद’. ही कल्पना टॉल्किन यांनी हवेतून काढलेली नाही. लॅटिनमध्ये चार या संख्येला ‘क्वात्तुओर’ म्हणतात, वेल्शमध्ये ‘पेद्वार’. आणि त्याच मूळ ध्वनीचा संस्कृतात ‘च’ होऊन ‘चत्वारः’ व पुढे आपला ‘चार’ झाला. ‘सप्त’चे ‘सत्त’ होऊन ‘सात’ झाले, ‘कर्म’चे ‘कम्म’ होऊन ‘काम’. असा नियम दाखवता आला तरच ती व्युत्पत्ती. नुसत्या साम्यावरून जे सांगितले जाते तो केवळ तर्क.

येथे कोणी म्हणेल, हा सारा कोरडा हिशेब झाला. तसे नाही. टॉल्किन यांच्या एका उत्तरकालीन टिपणात एक मोठा गृहकलह केवळ एका ध्वनीभोवती उभा आहे. जीभ दातांना लावून, वारा सोडून उच्चारला जाणारा एक घर्षक ‘थ’ क्वेन्यात हळूहळू ‘स’ होऊ लागला. फेआनोर या राजपुत्राच्या आईचे नाव थेरिंदे, म्हणजे सुईकामात निपुण असलेली. आपले नाव ‘थ’नेच उच्चारले जावे अशी तिची इच्छा होती. पुत्राच्या जन्मानंतर तिने देह ठेवला, राजाने दुसरा विवाह केला, आणि नवी राणी इतरांप्रमाणे ‘स’ म्हणू लागली. लोकांच्या दृष्टीने हा साधा ध्वनिबदल होता. मुलाच्या कानी मात्र तो आईचा अपमान ठरला. जो ‘स’ म्हणेल तो आपल्या विरुद्ध, असे तो मानू लागला.

ध्वनिनियम आंधळा असतो. तो कोणाचे नाव पाहून थांबत नाही. बोलणारी माणसे मात्र आंधळी नसतात. नियम आणि जिव्हाळा या दोहोंच्या ओढीतून प्रत्येक भाषा घडते, मग ती ऑक्सफर्डच्या एका खोलीत जन्मलेली असो वा गोदावरीच्या काठी. एखाद्या गावची बोली ‘अशुद्ध’ म्हणून हसण्यापूर्वी आपण एवढे तरी ध्यानात ठेवावे, की ज्या उच्चाराला आपण हसतो तो कोणाच्या तरी आईच्या मुखातून आलेला असतो.