हरिभाऊंच्या कादंबरीमागचा काळ

वसंत ऋतूत व्याख्याने भरवण्याची रीत न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास घालून दिली. ती रीत पुढे गावोगाव पसरली आणि आज आकुर्डीसारख्या कारखान्यांच्या गावातही दिवसभराची पाळी संपवून मंडळी व्याख्यानाला येऊन बसतात. अशा श्रोत्यांपुढे हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीविषयी बोलायचे म्हटले की एक प्रश्न हमखास निघतो. 'यात लिहिले आहे तसे खरेच होते काय?' प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर कसे शोधावे हे फारसे कोणी सांगत नाही. ते सांगण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

हरिभाऊंचा जन्म 1864 चा आणि मृत्यू 1919 चा. 1890 साली त्यांनी 'करमणूक' हे पत्र सुरू केले व त्यातून ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने वाचकांपुढे आली. यमू नावाची एक ब्राह्मण विधवा स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगते. बालपण, लग्न, सासर, नवऱ्याच्या सहवासात मिळालेले थोडे सुख, मग वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. एवढे कथानक आपणा सर्वांस ठाऊक आहे.

आता पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे. यमू कोणत्याही वाड्यात राहत नव्हती. तिला हरिभाऊंनी निर्माण केले. म्हणून संशोधक कादंबरीतील मजकुराचे दोन भाग करतो. एक, लेखकाने मुद्दाम रचलेले प्रसंग. आणि दुसरा, जे लिहिताना त्याला वेगळा विचारही करावा लागला नाही असे बारीकसारीक तपशील. सून कोणासमोर बोलत नाही, पंगतीत कोण आधी बसते, मुलीच्या हाती पुस्तक दिसले तर घरातल्या बायका काय म्हणतात, या गोष्टी त्या वेळच्या वाचकाला रोजच्या ओळखीच्या होत्या. त्या खोट्या लिहिल्या असत्या तर वाचक हसला असता. म्हणून खलपुरुषाच्या कारस्थानापेक्षा स्वयंपाकघरातल्या या तपशिलांवर अधिक विश्वास ठेवावा.

दुसरी पायरी तारखांची. 'करमणूक' निघाले त्या वर्षाच्या आसपास बाहेर काय चालले होते? 1884 साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारने त्यांवर ठिकठिकाणची मते मागवली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला व तो 1888 पर्यंत गाजत राहिला. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. 1891 च्या मार्चात संमतिवयाचा कायदा झाला आणि दहा वर्षांची मर्यादा बारांवर गेली. ज्या घरात 'करमणूक' वाचले जात होते त्याच घरात, कदाचित त्याच ओसरीवर, या कायद्यावरून भांडणे होत होती. यमूचे दुःख वाचकाला गोष्ट म्हणून वाटत नव्हते. तो त्या आठवड्याचा वाद होता. तारखा मांडून पाहिल्यावाचून ही धग आपल्याला लागत नाही.

तिसरी पायरी दुसऱ्या साक्षीदाराची. एका साक्षीवर येथे निकाल करू नये. सुदैवाने मराठीत स्त्रियांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आहेत. रमाबाई रानडे यांचे लग्न 1873 साली झाले. पतीने शिकवायला घेतल्यावर घरातल्या बायकांचा विरोध त्यांनी कसा सोसला ते त्यांनी 1910 च्या पुस्तकात लिहिले आहे. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' आणि त्यांच्या भगिनी आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' ही दोन पुस्तके तर यमूच्या शेजारी ठेवूनच वाचावी. दोघी बहिणी विधवा, दोघींचे केशवपन झालेले. परंतु यमू कादंबरीत खचून संपते, आणि या दोघी पुढे चालत्या झाल्या. आनंदीबाईंनी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, तर पार्वतीबाईंनी विधवांच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी जमवली. मग हरिभाऊंनी खोटे लिहिले काय? नाही. ज्या असंख्य स्त्रियांना कोणी कर्वे भेटले नाहीत त्यांची गोष्ट त्यांनी सांगितली. आठवणी लिहिणारी स्त्री ही तगलेली स्त्री असते, हे संशोधकाने विसरू नये. न तगलेलीची बाजू पुष्कळदा कादंबरीतच सापडते.

चौथी पायरी सर्वांत अवघड, आणि आम्हाला ती सर्वांत मोलाची वाटते. कादंबरीत कोण बोलत नाही, हे पाहावे. केशवपनाच्या प्रसंगात वाचकाचे डोळे यमूवर खिळलेले असतात; ते साहजिकच आहे. पण वस्तरा धरणारा हात कोणाचा? त्या माणसाला काय वाटत होते? हे विचारले म्हणजे आपण हरिभाऊंच्या पुस्तकाबाहेर पडतो आणि एक विलक्षण गोष्ट हाती लागते. ज्या 1890 साली 'करमणूक' निघाले त्याच साली मुंबईस न्हावी मंडळींची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवणार नाही असे त्यांनी ठरवले. त्यामागे महात्मा फुले यांचे सहकारी व गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते. जे काम केल्याने चार पैसे मिळत होते तेच काम हे गरीब कारागीर नाकारत होते. पांढरपेशी सुधारक मंडळी लेख लिहीत होती, तेव्हा हे हातचे उत्पन्न सोडायला निघाले होते. कामगारांच्या या गावात तरी ही हकीकत प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे.

येथून आपण आकुर्डीकडे वळू. पुणे-खंडाळा लोहमार्ग 1858 साली सुरू झाला आणि 1863 साली बोरघाट फुटून पुणे-मुंबई एक झाली. यमूचा संसार काही काळ मुंबईत झाला. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी त्या वेळीही याच शिवारातून जात होती. गाडीच्या खिडकीतून दिसत असेल ते आकुर्डी म्हणजे कारखान्यांचे नव्हे, शेताभाताचे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी जेथे विसावते ते विठ्ठलमंदिराचे गाव. त्या गावातल्या बायकांचे काय? त्या हरिभाऊंच्या पानांत नाहीत. हा लेखकाचा दोष म्हणू नये. त्याला जे घर ठाऊक होते त्याचे दार त्याने उघडले. मात्र 'त्या काळचा महाराष्ट्र' म्हणून आपण त्या एका घराकडे बोट दाखवले तर दोष आपला.

दुसरी दारेही आहेत. कृष्णराव भालेकरांनी 1888 साली 'बळीबा पाटील' ही शेतकऱ्यांच्या जगातली कादंबरी लिहिली. तिच्यामागे 1876 ते 78 चा दुष्काळ उभा आहे. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना खडे सवाल केले. आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅं यांनी मुळशीच्या डोंगरी खेड्यांपासून आरंभ करून महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माहेर, सासर, भाऊ, लेकीचे लग्न यांविषयी शेतकरी व कष्टकरी बाई स्वतःच्या तोंडाने काय म्हणाली, ते तेथे आहे. यमूइतकीच ती खरी आहे.

कोणी म्हणेल, हे विद्वानांचे काम. आम्ही कारखान्यात जाणारी माणसे. आमचे म्हणणे उलट आहे. पुणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर 1885 साली छापले गेले आहे, ते मोठ्या ग्रंथालयात पाहावयास मिळते. जुन्या शाळांतून जनरल रजिस्टरे असतात. त्यांत नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण यांचे रकाने असतात. मुलींची नावे कोणत्या इयत्तेपाशी विरळ होतात एवढे मोजले तरी एक अख्खे प्रकरण उभे राहील. आणि सर्वांत जवळचे साधन घरात आहे. आकुर्डीची वस्ती आज सातारा, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांची आहे. येथल्या एका चाळीत जितक्या आज्या आहेत तितके जिल्हे बोलायला बसले आहेत.

त्यांना विचारताना मात्र 'तुमच्या वेळी स्त्रियांची स्थिती कशी होती?' असे विचारू नये. त्याचे उत्तर 'बरी होती' एवढेच मिळेल. 'आजी, तुम्ही सासरी आलात त्या दिवशी काय नेसला होतात? पाणी कोठून आणीत होता? पहिल्यांदा नवऱ्याशी कधी बोललात? तुमच्या घरी कोणी विधवा होती का, ती कोठे बसत असे?' असे विचारावे. हरिभाऊंनी नेमके हेच तपशील टिपले, म्हणून त्यांची कादंबरी टिकली. उत्तर आले की जसेच्या तसे, तिच्याच बोलीत, तारीख घालून उतरवून ठेवावे. आपल्या मनाने त्यात भर घालू नये की काही गाळू नये.

कादंबरीमागचा काळ शोधणे म्हणजे लेखकाला खोटा पाडणे नव्हे की त्याची आरती ओवाळणेही नव्हे. तो ज्या घरात आपल्याला घेऊन गेला त्याच्या शेजारची घरे कोणाची होती, हे पाहून येणे एवढेच. त्यांपैकी पुष्कळ घरांचा शेवटचा साक्षीदार आज ऐंशी-नव्वदीचा आहे. पुढल्या वसंतापर्यंत हे काम ठेवू नये, इतकीच आमची विनंती आहे.