संग्रह म्हणजे धरून ठेवणं



आजचा विषय आहे प्लास्टिकच्या विटांचा. एकमेकींत अडकणाऱ्या त्या लहान रंगीत विटा, ज्यांना आपण सरसकट 'लेगो' म्हणतो. मुलांनी त्या खेळाव्यात यात काही प्रश्न नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांची माणसं, नोकरीधंदा सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर टेबलावर या विटा मांडून ताजमहाल बांधतात, कपाटात मॉडेलं जमवतात, याला काय म्हणायचं? लातूरसारख्या गावात तर हा प्रश्न जास्तच टोचतो. 'लातूर पॅटर्न'च्या या गावात दहावीतल्या मुलाचा खेळसुद्धा 'वेळ वाया' या खात्यात जमा होतो. मग त्याच्या बापाच्या खेळाची काय कथा! नांदेडलाही फार वेगळं नाही. म्हणून ही माणसं छंद लपवतात. कोणी विचारलं तर 'मुलासाठी आणलंय' म्हणतात.

आमचं म्हणणं असं, की लपवण्यासारखं यात काही नाही. उलट, आपल्या दर्शनांनी शेकडो वर्षं ज्या प्रश्नावर वाद घातला, तो प्रश्न या माणसांच्या हातात रोज असतो. तो प्रश्न म्हणजे, सुटे भाग एकत्र येऊन 'एक वस्तू' होते ती कशामुळे?

आधी विटेची माहिती घेऊ. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले कर्क ख्रिश्चनसेन नावाचा सुतार होता. मंदीमुळे कामं मिळेनात, तेव्हा 1932 मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला. 1934 मध्ये त्यानं डॅनिश भाषेतल्या 'चांगलं खेळ' अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून 'लेगो' हे नाव घेतलं. एकमेकांवर बसणारी प्लास्टिकची वीट मात्र मूळची त्याची नव्हे. इंग्लंडमध्ये हिलरी पेज यांनी 'किडीक्राफ्ट' या नावानं तशा विटा आधीच काढल्या होत्या. त्यांच्यावरून लेगोनं 1949 मध्ये आपल्या विटा बाजारात आणल्या. त्या एकावर एक बसायच्या, पण घट्ट धरायच्या नाहीत. मॉडेल उचललं की सुटायचं. यावर उपाय सापडला तो ओले यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांच्या काळात. विटेच्या पोटात पोकळ नळ्या घातल्या आणि 28 जानेवारी 1958 रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला.

त्या नळ्यांमुळे काय झालं ते बघा. खालच्या विटेची गोल बटणं वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये किंचित दाबून शिरतात. प्लास्टिक केसभर मागे सरतं आणि परत दाबतं. त्या दाबावर आणि घर्षणावर सगळी पकड आहे. गोंद नाही, खिळा नाही. दोन बटणांमधलं अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 मिलिमीटर आणि तीन चपट्या पट्ट्या म्हणजे बरोबर एक वीट. साच्यात अगदी बारीक चूक झाली तरी ही पकड बिघडते. ही मापं इतकी काटेकोर पाळली गेली, की 1958 ची वीट आजच्या विटेवर बसते.

आता थोडं गणित. आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा घेतल्या, तर त्या एकमेकींवर 24 प्रकारांनी बसतात. तीन घेतल्या तर 1,060 प्रकारांनी. आणि सहा घेतल्या तर? कोपनहेगनच्या एका गणितज्ञानं संगणकावर मोजून दाखवलं: 91,51,03,765. म्हणजे 91 कोटींच्या वर! मूठभर विटांत एवढ्या शक्यता आहेत. मोठ्या माणसाला या छंदाची ओढ वाटते, तिचं निम्मं कारण इथे आहे.

कंपनीनंही हे ओळखलं. 2008 मध्ये आलेल्या ताजमहालात 5,922 तुकडे होते. 2020 मध्ये रोमच्या कलोसियमचा संच आला, त्यात 9,036. त्याच वर्षापासून अशा खोक्यांवर वयाच्या जागी '18+' छापलेलं दिसू लागलं. म्हणजे खेळणं मोठ्यांचं आहे हे खोक्यावरच लिहिलं गेलं. आपल्याकडे अडचण किमतीची आहे. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण इतर कंपन्यांच्या विटा घेतात. त्यात कायद्यानं गैर असं काही नाही. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, आणि या विटेचा आकार तिच्या कामातूनच आला असल्यानं तो कुणा एकाचं व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असं युरोपच्या न्यायालयानंही 2010 मध्ये सांगितलं. मात्र दुसऱ्याचा अख्खा संच, चित्रं आणि खोक्यासकट उचलणं ही नक्कल, आणि ती वेगळी गोष्ट.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, 5,922 तुकडे टेबलावर पडले आहेत. तो ढीग आहे. पंधरा दिवसांनी तेच तुकडे ताजमहाल होऊन उभे राहिले. नवीन काय आलं? तुकडा तर एकही वाढला नाही.

बौद्धांचं उत्तर 'मिलिंदपञ्हा'त आहे. ग्रीक राजा मिलिंद रथातून आला. भिक्षू नागसेनानं त्याला विचारलं, महाराज, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग नागसेनानं दाखवून दिलं, की 'रथ' हे या सगळ्या भागांच्या जुळणीला सोयीसाठी दिलेलं नाव आहे. भागांपलीकडे रथ नावाची वस्तू शोधायला जाल तर सापडणार नाही. या हिशेबानं आपला ताजमहालही एक नावच ठरतो.

न्यायदर्शनाला हे पटत नाही. नैयायिक म्हणतात, अवयव वेगळे आणि त्यांतून झालेला अवयवी वेगळा. त्यांची एक युक्ती अगदी घरगुती आहे. घड्याचा काठ धरून उचला, अख्खा घडा वर येतो. वाळूच्या ढिगात हात घाला, मूठभर वाळूच येते. एक भाग धरला असता सगळं येतं, ओढलं असता सगळं ओढलं जातं, म्हणून तिथे 'एक' काहीतरी आहे. ज्यांनी विटांचं मॉडेल एका हातानं उचलून कपाटात ठेवलंय, त्यांना ही युक्ती शिकवावी लागत नाही. उचलताना त्यांच्या छातीत धस्स होतं ना, ते याचसाठी: हे सगळं 'एक' म्हणून येईल का?

यावर आक्षेपही लगेच आला. गवत, दगड आणि लाकूड लाखेनं चिकटवलं तर तेही एकत्र उचललं जातं. मग तो काय अवयवी झाला? नाही. म्हणजे उचललं जाण्याचं कारण वेगळंच काही असलं पाहिजे. वात्स्यायनाच्या भाष्यात त्याला शब्द आहे 'संग्रह'. भागांना धरून ठेवणारा एक गुण. कच्च्या मडक्यात तो पाण्याच्या ओलाव्यानं येतो, भाजलेल्या मडक्यात अग्नीनं. श्रोतेहो, हा शब्द लक्षात ठेवा. आज आपण संग्रह म्हणजे वस्तू जमवणं असं समजतो. इथे त्याचा अर्थ धरून ठेवणं असा आहे.

आता जरा आपल्या मुलखात डोकावू, कारण भागांनी भागांना धरणं ही मराठवाड्याला परकी गोष्ट नाही. निलंग्याचं नीलकंठेश्वराचं मंदिर घ्या, नाहीतर देगलूर तालुक्यातली होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं. ज्याला आपण ढोबळपणे हेमाडपंती म्हणतो, त्या पद्धतीत घडीव दगड चुन्याशिवाय बसवतात. खाचेत खुंटी बसते, वरचा भार खालच्याला जागेवर दाबतो आणि शतकानुशतकं ते उभं राहतं. तिथेही लाख नाही, गोंद नाही. विटा जुळवणारा माणूस अशा मंदिरापाशी उभा राहिला, तर त्याला मूर्तींच्या आधी सांधे दिसतील. आमच्या मते तीही एक प्रकारची दृष्टीच आहे.

याच मुलखानं उलट बाजूही पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली, आणि बहुतेक सगळी आपल्याच घराच्या भिंतींखाली. त्या भिंती हात-दोन हात जाड होत्या, दिसायला भक्कम. पण आतला आणि बाहेरचा असे दोन दगडी थर, मध्ये माती आणि दगडांची भर, आणि दोन्ही थरांना एकत्र धरणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. वर माळवदाच्या मातीचं ओझं. जमीन हलली तेव्हा थर सुटे झाले. न्यायाच्या भाषेत बोलायचं, तर भिंत दिसत होती अवयवी, होती ढीग. खेळण्याची तुलना त्या दुःखाशी करायची नाही, करवणारही नाही. पण तत्त्व एकच आहे, आणि प्लास्टिकच्या विटांची भिंत रचणारा ते पहिल्याच दिवशी शिकतो: सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि दोन पदरांना बांधणारा तुकडा मध्ये घालायचाच. वजन म्हणजे मजबुती नव्हे. धरून ठेवणं म्हणजे मजबुती.

त्यानंतर 50 हून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. दगड नवे, जागा नवी, रस्ते आखीव. मग नवी किल्लारी ही तीच किल्लारी का? कडक नैयायिक म्हणेल, अवयवांचा संयोग तुटला की जुना अवयवी संपला. पुन्हा जुळवाल तो नवा. मॉडेल मोडून तेच मॉडेल पुन्हा बांधणाऱ्यालाही तो हेच सांगेल. पण गावातल्या माणसाला विचारा, तो आपल्या गावाचं नाव जुनंच सांगतो. गावाला धरून ठेवणारी गोष्ट दगडात नव्हती, एवढं त्यावरून कळतं.

इथून आपण जमवण्याच्या भागाकडे वळू. या छंदात दोन जातीची माणसं भेटतात. एक विटा जुळवणारे, दुसरे खोकं न फोडता ठेवणारे. कंपनीनं उत्पादन थांबवलं की काही संचांची किंमत वाढते, म्हणून ते राखून ठेवायचे. याला नावं ठेवण्याचं कारण नाही, तो एक व्यवहार आहे. पण त्याला संग्रह म्हणताना आपण आपल्या जुन्या शब्दाची परीक्षा लावावी: या वस्तूंना एकत्र धरणारं काय आहे? केवळ भाव असेल, तर भाव उतरला की ढीग उरतो.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. 20 हजारांहून अधिक वस्तू: दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं, घरगुती भांडी. एकेक वस्तू बाजारात फारशी किमतीची नसेलही. काका केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचं नाव आहे. त्या 20 हजार वस्तूंना कोणत्या लाखेनं धरलंय, हे वेगळं सांगायला नको.

राहिला पहिला आक्षेप: मोठ्या माणसानं खेळावं का? बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं 1978 मध्ये खेळाविषयी एक मार्मिक विचार मांडला. त्याचा मथितार्थ असा, की खेळ म्हणजे गरज नसलेली अडचण आपल्या खुशीनं अंगावर घेणं. गोंद लावला तर ताजमहाल सोपा होईल, पण खेळ संपेल. मोठ्यांच्या आयुष्यात अडचणींना तोटा नसतो. पण त्या लादलेल्या असतात. स्वतः निवडलेली, सुटू शकणारी आणि सुटली नाही तरी कुणाचं नुकसान न करणारी अडचण फार थोड्यांच्या वाट्याला येते. तिथे माणूस चुकायला, उसवायला आणि पुन्हा रचायला मोकळा असतो. आपल्या शाळा-शिकवण्यांतून हीच मोकळीक नाहीशी झाली आहे. बाप चुकीची बसलेली विट काढून पुन्हा शांतपणे लावतोय, हे मुलानं पाहिलं, तर ते एका शिकवणीइतकं मोलाचं आहे.

ज्यांना सुरुवात करायची त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मोठा संच घेण्याआधी मिसळीच्या सुट्या विटा घ्या. संगणकावर 'स्टुडिओ' नावाची फुकट प्रणाली मिळते, तिच्यात आधी बांधून बघा, पैसे वाचतात. मॉडेल उन्हात ठेवू नका, पांढरा रंग पिवळा पडतो. विटा धुवायच्या तर 40 अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यातच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सरळ वापरू नका. खरं तर मऊ कुंचल्यानं धूळ झाडलेली उत्तम. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेल्या लातूरकरांना पाण्याचं मोल आम्ही काय सांगावं! आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर तुकडे उंचावर ठेवा.

शेवटी एक सुचवतो. कलोसियम आणि ताजमहाल तयार खोक्यात निघाले. कंधारचा खंदकानं वेढलेला भुईकोट मिळत नाही, उदगीरचा किल्ला मिळत नाही, होट्टलचं मंदिर मिळत नाही. चौकोनी विटांतून हेमाडपंती भिंतीचे कोन-उपकोन काढणं सोपं नाही. त्यासाठी आधी तिथे जावं लागेल, मापं घ्यावी लागतील, कोणता दगड कोणाला धरून आहे हे निरखावं लागेल. तेवढं झालं की मॉडेल पुरं झालं काय, अर्धं राहिलं काय, हाताला जे कळायचं ते कळलेलं असेल.