तक्त्याची नक्कल द्या, पण कामासकट

बऱ्याच गटांनी हिशेबाची वही आता गूगल शीटवर नेली आहे. काट्यावर वजन झाले की मोबाईलवर फॉर्म भरायचा. तक्त्यात नोंद पडते, संचालकांना ईमेल जातो, संध्याकाळी आवकेची बेरीज आपोआप येते. असा तक्ता एका गटाने बसवला की शेजारच्या गावातून मागणी येतेच, "आम्हालाही द्या की!" जरूर द्यावा.

मात्र आपल्या चालू तक्त्यावर दुसऱ्या गटाला लिहिण्याचा हक्क देऊ नका. दोन गटांचा माल एकाच रकान्यात पडला तर कोणाचे किती क्विंटल, यावरून वाद होतो आणि पैसे अडकतात ते शेतकऱ्याचे. आधी नक्कल काढून ती कोरी करावी. नावे, बँक खाती, आधार क्रमांक पुसून टाका. पान नुसते लपवून भागत नाही, लपवलेले पानही नकलेत जाते. मग कोऱ्या तक्त्याला फक्त पाहण्याचा हक्क देऊन लिंक काढा. लिंकमध्ये इंग्रजी 'एडिट' शब्दापासून पुढचे खोडून तिथे इंग्रजीत 'कॉपी' लिहावे. समोरच्याने लिंक उघडली की नक्कल करण्याचेच बटण दिसते.

खरी गोम पुढे आहे. नकलेबरोबर ॲप्स स्क्रिप्टमधली आज्ञावली जाते, पण ती ठरल्या वेळी चालवणारे 'ट्रिगर' जात नाहीत. तक्ता दिसतो हुबेहूब, ईमेल मात्र एकही जात नाही! (एअरटेबलवाल्यांचेही तसेच, तिथे नकलेत ऑटोमेशन येतात, पण बंद अवस्थेत.) म्हणून आज्ञावली लिहून देणाऱ्याला सांगावे की तक्त्यात 'सुरू करा' असा मेनू टाकून दे. नव्या गटाच्या सचिवाने तो एकदा दाबून परवानगी दिली की ट्रिगर त्याच्या खात्यावर तयार होतात. दोनदा दाबला तर ईमेलही दोन-दोन जातील, तेव्हा आधीचे ट्रिगर काढून मगच नवे बसवण्याची सोय त्यात हवी. हा मेनू मोबाईलच्या ॲपमध्ये दिसत नाही, त्यासाठी संगणक लागतो. ग्रामपंचायतीच्या संगणकावर केलेत तर उठताना लॉगआउट करा, नाहीतर गटाचे खाते उघडेच राहायचे.

ईमेल जातात ते ज्याने ट्रिगर बसवला त्याच्या खात्यातून. साध्या जीमेल खात्याला स्क्रिप्टमधून दिवसाला १०० जणांचीच मर्यादा आहे. त्यामुळे हे काम गटाच्या खात्यावर करावे, सचिवाच्या घरच्या खात्यावर नको. सचिव बदलला की सगळे अडते.

आज्ञावलीत जुन्या तक्त्याचा ओळखक्रमांक लिहिलेला असेल तर ती नव्या तक्त्याऐवजी तुमचीच वही उघडायला जाईल आणि तिथे हक्क नसल्याने अडेल; चुकून लिहिण्याचा हक्क दिलेला असेल तर नव्या गटाच्या नोंदी निमूटपणे तुमच्याच वहीत येतील. तो काढून 'चालू तक्ता' अशी आज्ञा घालावी. फॉर्मचीही नक्कल होते, पण तिची लिंक वेगळी असते; काट्यावर जुनी लिंक चिकटवलेली असेल तर माल इकडे, नोंद तिकडे. दुसऱ्या तक्त्यातून आकडे ओढणारे सूत्र असल्यास त्यालाही नव्याने परवानगी द्यावी लागते.

माल येण्यापूर्वी १ किलोची खोटी नोंद भरून पाहा. ती कोणत्या तक्त्यात पडते, ईमेल कोणाला जातो, दोन्ही गटांच्या सचिवांनी आपापल्या तक्त्यात बघून घ्यावे आणि ती नोंद लगेच पुसावी.